बोटीची लाइन धरा: ग्रीसच्या छोट्या बेटांचा प्रवास कसा आखावा

ग्रीसला जायचं ठरलं की माणूस आधी नकाशा उघडतो. निळ्या पाण्यात बेटांचा सडा पडलेला दिसतो आणि हाताचं बोट त्यावर आपोआप फिरायला लागतं. आधी मिलोस, तिथून पारोस, मग अमोर्गोस, येताना सिफ्नोस. सगळं कसं हाकेच्या अंतरावर वाटतं. राजारामपुरीतून, कसबा बावड्यातून मला याबाबत विचारायला जी मंडळी येतात, त्यातल्या बहुतेकांच्या कागदावर अशीच एक नागमोडी रेघ असते. मी त्यांना पहिलं काम सांगतो ते ही रेघ खोडण्याचं.

मी कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्य फेऱ्या, मुक्कामी गाड्या आणि एका गाडीचा दुसरीशी मेळ बसवण्यात गेलं. मुलगा जर्मनीत असतो, त्याच्यामुळे सौ. आणि मी ग्रीसला जाऊन आलो, आणि तिथल्या बोटींचं वेळापत्रक हातात पडल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पन्हाळ्याहून राधानगरीला एसटीने जायचं असेल तर नकाशात काही का दिसेना, माणूस कोल्हापूरला स्टँडवर उतरतो आणि दुसरी गाडी धरतो. एजियन समुद्रातल्या बोटींचंही तेच आहे. पिरेयस हे अथेन्सचं बंदर म्हणजे मुख्य स्टँड. तिथून लाइनी सुटतात आणि बोटी त्या लाइनीवरच्या बेटांना थांबे घेत जातात. एका लाइनीवर वर-खाली फिरणं सोपं, एका लाइनीवरून दुसरीवर आडवं जाणं अवघड. सिफ्नोस आणि पारोस शेजारी दिसतात, पण सिफ्नोस पश्चिमेच्या लाइनीवर आणि पारोस मधल्या. दोघांमध्ये थेट बोटी फार थोड्या. बोट नसेल त्या दिवशी पिरेयसला परत येऊन पुन्हा जावं लागतं आणि अख्खा दिवस त्यात जातो.

म्हणून आधी लाइन निवडा, मग बेटं. सिक्लाडीस या एजियनमधल्या बेटसमूहापुरतं बोलायचं तर मधली लाइन सगळ्यात वाहती: पारोस, नाक्सोस, पुढे इओस आणि सांतोरिनी. पश्चिमेची लाइन किथ्नोस, सेरिफोस, सिफ्नोस, मिलोस. अँद्रोस, तिनोस, मिकोनोस या लाइनीसाठी पिरेयसपेक्षा राफिना बंदर जवळचं, आणि ते विमानतळाच्याही जवळ आहे, थेट बस मिळते. केआला लावरियो बंदरातून जातात, किथ्नोसलाही तिथून जाता येतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याला माझा एकच सल्ला असतो. पिरेयसहून नाक्सोस, नाक्सोसहून छोट्या बोटीने स्किनुसा किंवा कुफोनिसी, तिथून त्याच छोट्या बोटीने अमोर्गोस, आणि अमोर्गोसहून मोठ्या बोटीने पुन्हा पिरेयस. आठ-दहा दिवसांत हे आरामात होतं. परतताना मधे बोट बदलावी लागत नाही. सांतोरिनी राहिलं म्हणून हळहळणारे भेटतात. त्यांनी सांतोरिनीसाठी वेगळा बेत करावा, या बेतात ते कोंबू नये. तीन बेटं खूप झाली. ज्यांच्या कागदावर सहा असतात, त्यांना मी सरळ सांगतो की तुमची सुट्टी धक्क्यावर बॅगांशेजारी बसून जाणार.

आता त्या छोट्या बोटीबद्दल, कारण या सगळ्या प्रवासाचा जीव तिच्यात आहे. एक्स्प्रेस स्कोपेलितिस तिचं नाव. नाक्सोस आणि अमोर्गोसच्या मधल्या इराक्लिया, स्किनुसा, कुफोनिसी, दोनुसा या चार वस्तीच्या बेटांना ती जोडते. ती मुक्कामी गाडी आहे. रात्री अमोर्गोसच्या कातापोला बंदरात मुक्काम, पहाटे तिथून सुटून बेटं घेत दुपारपर्यंत नाक्सोसला, आणि दुपारनंतर त्याच वाटेने परत. उन्हाळ्यात रविवार सोडून रोज. चार बेटांवरची माणसं सकाळी हिने नाक्सोसला येतात, दवाखाना, बँक, बाजार उरकतात आणि दुपारच्या फेरीने घरी जातात. नाक्सोसच्या धक्क्यावर ती सुटायच्या आधी अर्धा तास उभं राहून बघा. भाजीच्या पेट्या, पाण्याचे कॅन, एखादं गुंडाळलेलं गादीचं बिंडं, औषधांची पिशवी, कुणाची तरी सायकल, सगळं मागच्या झडपेवरून आत जातं. खलाशी प्रत्येक वस्तू कुठे उतरायची हे विचारून तिची जागा ठरवतो. पहिल्या थांब्याचा माल शेवटी चढतो. तीस वर्षं टपावर माल चढताना बघितलेल्या माणसाला त्या खलाशाचे हात बघताना फार बरं वाटलं.

सगळी बेटं ती रोज घेतेच असं नाही. दोनुसा काही ठराविक दिवशीच असतं आणि ते घेतलं की पुढच्या वेळा बदलतात. म्हणून राहण्याचं बुकिंग करायच्या आधी वार बघून घ्या. आणि अमोर्गोसला दोन बंदरं आहेत, कातापोला आणि एयाली. मधे डोंगर आहे. खोली एकीकडे आणि उतरलात दुसरीकडे तर रात्री घाटातून टॅक्सी शोधत बसावं लागेल. तिकिटावर बेटाच्या नावासोबत बंदराचं नाव वाचा. इकारिया आणि सामोस या बेटांचंही असंच आहे.

तिकिटं कधी काढायची

व्हिसा हातात पडेपर्यंत बोटीची तिकिटं काढू नका. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी तरी करायलाच हवा. मुख्य फी 90 युरो आणि किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो. उन्हाळ्यात मुंबईला अपॉइंटमेंट मिळेपर्यंतच वेळ जातो, म्हणून हे काम आंब्याच्या हंगामाआधी उरकून टाका.

बोटींची उन्हाळी वेळापत्रकं एकदम जाहीर होत नाहीत. मोठ्या कंपन्यांची आधी येतात, छोट्या बोटींची बऱ्याच उशिरा. जानेवारीत बघितलं आणि कुफोनिसीला एकही बोट दिसली नाही म्हणून घाबरू नका, ती फेरी अजून टाकलेलीच नसते. फेरीहॉपरसारख्या साइटवर सगळ्या कंपन्या एकत्र दिसतात. पिरेयस ते नाक्सोस हे लांबचं तिकीट महिना-दोन महिने आधी काढा. छोट्या बोटीचं तिकीट जून किंवा सप्टेंबरमध्ये नाक्सोसच्या धक्क्यासमोरच्या एजन्सीतही मिळतं. ऑगस्टमध्ये मात्र तेही आधीच काढलेलं बरं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं.

लहान मुलं बरोबर असतील तर बहुतेक कंपन्यांत 5 वर्षांखालच्या मुलाला पैसे पडत नाहीत, पण त्याच्या नावाचं तिकीट काढावंच लागतं.

वेळ नेहमी 24 तासांच्या घड्याळात असते. शनिवार 00:30 अशी बोट असेल तर शुक्रवारी रात्री जेवून बंदरावर जायचं. शनिवारी रात्री गेलात तर बोट जाऊन दिवस झालेला असतो. हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.

मोठी बोट की फास्ट बोट? पिरेयस ते नाक्सोस मोठ्या बोटीला साधारण साडेपाच तास लागतात, फास्ट बोटीला त्याहून दीड-दोन तास कमी, आणि तिचं तिकीट बहुधा दीडपटीच्या पुढे जातं. मी मोठ्या बोटीच्या बाजूचा आहे. तिच्यावर उघडा डेक असतो, फिरता येतं, आणि ती लाटेत स्थिर राहते. फास्ट बोटींवर बहुधा पूर्ण वेळ आत, बंद काचेमागे, खुर्चीत बसून राहावं लागतं, आणि वारं वाढलं की सगळ्यात आधी रद्द होतात त्या याच. मोठ्या बोटीवर डेकचं साधं तिकीट पुरतं. ऑगस्टमध्ये किंवा वयस्कर माणूस बरोबर असेल तेव्हा थोडे जास्त देऊन नंबरची सीट घ्या, म्हणजे हक्काची पाठ टेकायला जागा होते.

पिरेयस

हे बंदर दिसायला अवाढव्य आहे, पण गोंधळ एकाच गोष्टीचा होतो. गेट. ई-1 पासून ई-12 पर्यंत गेटं आहेत आणि ती पाण्याभोवती लांबवर पसरलेली आहेत. मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलात की ई-6, ई-7 समोरच, सिक्लाडीसच्या बऱ्याच बोटी तिथून सुटतात. ई-1, ई-2 ला जायचं तर बरंच अंतर आहे, बंदराची मोफत बस आतून फिरते ती पकडा. आपलं गेट तिकिटावर किंवा आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये बघा, आणि बोटीच्या अंगावरचं नाव वाचूनच चढा. शेजारीशेजारी एकाच कंपनीच्या दोन बोटी उभ्या असतात.

विमानतळावरून मेट्रोची निळी लाइन थेट पिरेयसला येते, तासाभराचा प्रवास. एक्स-96 ही बस दिवसरात्र चालते. सकाळची बोट साडेसातच्या आसपास असते, म्हणून आदली रात्र पिरेयसमध्येच काढा. बोटीच्या तासभर आधी धक्क्यावर असावं. बोट वेळेवर सुटते. शिट्टी देऊन कुणासाठी थांबवायची सोय तिथे नाही.

चढताना आधी गाड्यांच्या तळमजल्यात शिरायचं. तिथे भिंतीलगत सामानाचे रॅक असतात आणि त्यावर बेटांच्या नावांच्या पाट्या. आपल्या बेटाच्या रॅकमध्ये मोठी बॅग ठेवा, पासपोर्ट, पैसे, औषधं आणि एक स्वेटर जवळच्या पिशवीत घ्या. वर वातानुकूलन कडक असतं आणि डेकवर वारं. बॅगेला भडक रंगाची रिबन बांधा. सौ.ने जुन्या नारायण पेठीचा काठ बांधला होता आणि काळ्या बॅगांच्या ढिगाऱ्यात आमची लांबूनच ओळखू यायची.

उतरणं चढण्यापेक्षा अवघड, तिथे लक्ष द्या. बेट यायच्या वीस मिनिटं आधी घोषणा होते, आधी ग्रीकमध्ये, मग इंग्रजीत. ती ऐकली की उठायचं. तळमजल्यात सगळे उभे असतात. ट्रकची इंजिनं चालू झालेली, डिझेलचा भपकारा, पायाखाली पत्रा थरथरतो. बोट बंदराच्या तोंडाशी जागच्या जागी वळते, पुढून नांगर सोडते आणि मागच्या बाजूने धक्क्याकडे सरकायला लागते. ती सरकत असतानाच मागची झडप साखळदंडांवर खाली यायला लागते, आधी आकाशाची एक फट दिसते, मग पांढरी घरं, मग धक्क्यावर पाट्या धरून उभी असलेली खोल्यांची मालक मंडळी. झडप सिमेंटला टेकली की खलाशी हात करतो आणि माणसं, मोटारी, ट्रक सगळे एकदम निघतात. छोट्या बेटावर बोट दहा मिनिटंसुद्धा थांबत नाही. वर चहा पीत बसलात तर पुढच्या बेटावर उतराल. नाक्सोसला येताना मात्र थोडं आधीच डेकवर जा. डाव्या-उजव्या कडांवरून बघत राहिलात तर बंदराशेजारी टेकाडावर संगमरवराची एकटी चौकट उभी दिसते. पोर्तारा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात सुरू होऊन अर्धवट राहिलेल्या अपोलोच्या देवळाचा तो दरवाजा आहे.

खोलीच्या मालकाला बोटीचं नाव आणि वेळ आधी कळवून ठेवा. बहुतेक जण धक्क्यावर घ्यायला येतात. स्किनुसाला बंदरापासून गाव किलोमीटरभर चढावर आहे, बॅग ओढत जाणं गुडघ्यांना परवडत नाही. कुफोनिसी इतकं लहान की चालतच सगळं होतं. तिथून समोर केरोस दिसतं, वस्ती नसलेलं. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या संगमरवरी मूर्ती तिथे सापडल्या, आणि त्यावर उतरायला बंदी आहे. ते लांबूनच बघायचं.

वारं

जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी नावाचं उत्तरेचं वारं सुटतं. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि समुद्र उसळलेला. आपल्याला पाऊस-ढग दिसल्याशिवाय वादळ खरं वाटत नाही, म्हणून हे लक्षात ठेवा. वाऱ्याचा जोर ते बोफोर्टच्या आकड्यात सांगतात. 5 पर्यंत काही बिघडत नाही, 6 ला छोटी बोट चांगली हलते, 7 झाला की फास्ट बोटींचं काही खरं नसतं, आणि 8 च्या पुढे बंदर अधिकारी बोटी सोडतच नाहीत. त्यांच्यावर चिडू नका. 26 सप्टेंबर 2000 च्या रात्री एक्स्प्रेस समिना ही बोट जोरदार वाऱ्यात पारोसजवळच्या पोर्तेस खडकांवर आदळून बुडाली आणि 80 हून अधिक माणसं गेली. आम्ही पारोसवरून जाताना शेजारी बसलेल्या बाईंनी त्या बाजूला बघून छातीवर क्रूस काढला. घाटात दरड कोसळलेली असताना गाडी सोडली नाही म्हणून प्रवाशांच्या शिव्या खाल्लेला मी माणूस आहे. थांबवणाऱ्याला काय माहीत असतं ते मला ठाऊक आहे.

तुमच्या हातात आहे ते महिना निवडणं. मेचा शेवट, जून, नाहीतर सप्टेंबर. 1 मेला कामगार दिनाच्या संपामुळे बोटी बहुधा बंद राहतात, त्या दिवशी प्रवास ठेवू नका. 15 ऑगस्टच्या आगेमागेही नको. त्या दिवशी मदर मेरीचा मोठा सण असतो, सगळा ग्रीस बेटांकडे निघालेला असतो, आणि तिनोसला तर भाविक बंदरापासून देवळापर्यंत गुडघ्यांवर चढत जातात. मनात भाव असेल तर तो सोहळा बघायला मुद्दाम जा, पण तिकीट आणि खोली कित्येक महिने आधी हवी.

बोट लागते त्यांनी अवोमिनची गोळी निघायच्या आधी, डॉक्टर सांगतील त्या वेळी घ्यावी. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. बसायची जागा बोटीच्या मध्यावर, जमेल तितकी खाली. नजर मोबाइलवर ठेवू नका, क्षितिजावर ठेवा. आलेपाकाच्या वड्या तोंडात ठेवल्या की मला पुरतं. दोनुसाच्या बाजूला समुद्र उघडा आहे, तिकडे जाणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं.

आपली बोट आत्ता कुठे आहे हे मरीनट्रॅफिक नावाच्या ॲपवर दिसतं. मागच्या थांब्यावरून ती सुटली की नाही ते बघा आणि मगच खोलीतून निघा. उन्हात धक्क्यावर ताटकळणं वाचतं.

खाण्याचं थोडक्यात. तूप, पेढे, सुकं मटण युरोपात नेता येत नाही, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ जप्त होतात. जयसिंगपूरचं भडंग आणि शेंगदाण्याची चटणी चालते. बोटीवर तिरोपिता म्हणजे चीज भरलेला आणि स्पानाकोपिता म्हणजे पालकाची भाजी भरलेला पापुद्र्यांचा पॅटिस मिळतो, कॉफी चांगली असते. शाकाहारी माणसाने बेटांवर फावा, म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, आणि टोमॅटोच्या रसात भाजलेले मोठे पांढरे वाल, गिगांतेस, मागवावेत. नाक्सोसचे बटाटे तिथे नावाजलेले आहेत. तिखट तुमचं तुम्ही न्या. छोट्या बेटांवर रोख युरो जवळ ठेवा, मशीन असलं तरी ते चालू असेलच असं नाही.

परतीचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा. विमान ज्या दिवशी आहे त्या दिवशी बेटावरून निघायचं नाही. आदल्या दिवशी सकाळपर्यंत अथेन्सला पोचायचं, ऑगस्ट असेल तर दोन दिवस आधी. बोट रद्द झाली तर लगेच एजन्सीत जा, रांगेत उभे राहा, आणि पुढची बोट हवी की पैसे परत हवेत ते सांगा. निवड तुमची असते, युरोपीय संघाच्या 2010 च्या नियमात ते लिहिलेलं आहे. फक्त वाऱ्यामुळे रद्द झाली असेल तर मुक्कामाचा खर्च कंपनी देत नाही, तेवढे पैसे हाताशी ठेवा. त्या बोटीतले सगळे त्या रात्री खोली शोधतात, म्हणून एकाने तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने आधीच्याच मालकाला फोन करून खोली एक रात्र वाढवून घ्यायची. अमोर्गोसहून येणारी बोट पिरेयसला कधी कधी मध्यरात्रीनंतर लागते. तेव्हा मेट्रो बहुधा बंद असते, पण एक्स-96 चालू असते.